दीडपट, दुप्पट

जेल रोडवरच्या दुकानात मी घरचा वजनकाटा घेऊन गेले,
कणीक मोजायचा, निळा, बटणाच्या फटीत पीठ अडकलेला.
हकीमुद्दीनभाई हसले नाहीत.
त्यांनी काउंटर पुसून दिला.

मोठ्या सेन्सरची बॉडी, तिच्यावर सहाशेपर्यंत जाणारी लेन्स :
दोन किलो आठशे चाळीस.
"तस्वीर देखोगे तो वजन भूल जाओगे, ताई."
माझा उजवा खांदा काहीच विसरत नाही,
गेल्या दिवाळीपासून तर नाहीच.

मग मधली बॉडी. तीच लेन्स, म्हणाले, इथे दीडपट.
मग छोटी, तिची स्वतःची तीनशेची लेन्स,
दोन्ही मिळून नऊशे पस्तीस,
आणि ती दुप्पट. सहाशेच समजा.

समजा म्हणजे?
एकतीस वर्षं निगमात नकाशे काढले मी,
एकास पाचशे, एकास हजार.
कागदावर गल्ली रुंद केली
म्हणून मल्हारगंजात एक हातगाडी जास्त शिरत नाही.

तेव्हा त्यांनी चहाची बशी पुढे ओढली.
लेन्स पाडते तो उजेड असा, गोल.
त्यात एक अख्खं ग्लुकोजचं बिस्किट ठेवलं : हा मोठा सेन्सर.
मग ते मोडून अर्धंच ठेवलं.
"चिड़िया उतनी ही है. बस, आसपास कटता है."
उरलेलं अर्धं त्यांनी चहात बुडवून खाल्लं.

म्हणजे जवळ काहीच येत नाही.
सिरपूरचा कमळपक्षी त्याच पानावर, तेवढाच लांब,
फक्त त्याच्या डावीकडचं पाणी
आणि उजवीकडचे पंपहाऊसचे पत्रे
कुणीतरी आधीच वजा केलेले.

दोन पहाटे त्यांनी छोटी उसनी दिली.
सव्वासहाला खंड्याच्या पाठीवर बारीक रवा पडला,
निळा भाजलेला रवा.
मोठीत तो पडला नसता, हे खरं.
मोठीत मागची लव्हाळी तुपासारखी वितळली असती, हेही.
इथे एकेक पातं उभं राहिलं, मोजता येईल असं,
आणि मी मोजलीच, सवयीने,
सतरापर्यंत. मग खंड्या उडाला.

छोटी घेतली.
सोबत तीनशे रुपयांची एक पितळी कडी,
दिगंबरची जुनी पन्नासची लेन्स तिच्यावर बसवायला,
रोलच्या दिवसांतली, अंगठ्यापाशी रंग उडालेली.

रात्री तो टेबलाशी शेंगा सोलत होता.
मी डोळ्याला लावली
तर नुसतं कपाळ आणि चष्म्याची एक काडी.
फ्रिजपर्यंत सरकले : खांदे आले.
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर : हात, शेंगा.
शेवटी पाठ मोरीच्या दाराला टेकली
तेव्हा कुठे टेबलाचे चारही पाय आत आले.

"एवढी मागे का गेलीस?"
याच लेन्समधून तू मला
कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपुढे उभी केली होतीस,
डोक्यावर हे एवढं आभाळ सोडून.
आठवतं?
"आभाळ नाही, तारा होत्या विजेच्या," तो म्हणाला,
"आणि तू हलली होतीस."

मोरीतला नळ गळत होता.
मी श्वास धरला. पंधराव्या सेकंदाला
त्याने एक शेंग तोंडात टाकली,
आणि तीच नेमकी
धूसर आली.