हातचा

ऑरिनने वीजबिलाच्या पाठीवर मधोमध रेघ मारली.
डावीकडे लिहिलं डेन्व्हर, उजवीकडे लेडव्हिल,
आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.
तीस वर्षं कौंटीच्या कचेरीत
लोकांच्या घरांच्या किमती मीच ठरवल्या,
तेव्हा हे काम माझं.

किंमत लिहिणं सोपं.
तिथलं घर आमच्या घराच्या निम्म्यात येतं:
लाकडी, पिवळं, दोन खोल्या, माळ्याला खिडकी,
खिडकीत अख्खा पर्वत.
"पर्वत फुकट. तेही लिही, एस्टेफा."
मी म्हटलं, खिडकीतून जे दिसतं
त्याचे पैसे आम्हीच तर लावायचो.

मग एकेक निघत गेलं.
गॅस इथे नळीतून येतो, तिथे ट्रकने,
ट्रक घाटात अडकला की येतच नाही.
बर्फ काढायला रुडी, दर खेपेला रोख,
आणि खेपा मोजणाराही रुडीच.
विहिरीचा पंप. मैल्याची टाकी.
छपराला पत्रा, पत्र्याला दर मे महिन्यात नवे खिळे.
हिवाळ्याचे चार टायर, म्हणून उन्हाळ्याच्या चारांना शेड.
विम्याची बाई फोनवर गोड बोलली,
पाइनची झाडं घरापासून किती फुटांवर, एवढंच विचारलं,
आणि मग बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिली.

दुरून डोंगर साजरे, ठाऊक होतं.
दुरून ते स्वस्तही दिसतात,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

डावा रकाना तरी कुठे गरीब गाय?
एल्मच्या मुळांनी दोनदा फोडलेली गटाराची नळी.
शेजारी काचेची चारमजली उभी राहिल्यापासून
दुपारी तीनलाच लागणारा दिवा.
गल्लीबरोबर चढत गेलेला कर,
ज्याच्या कागदांवर काही वर्षं माझीच सही होती.
समोरच्या तेओफिला बाकाकडे आमची जादा किल्ली असते,
त्याचं काही पडत नाही.
तिथे मी शून्य लिहिलं,
आणि का कोण जाणे, ते पुन्हा गिरवलं.

रिफायनरीचा वास सगळ्यात शेवटी लिहिला,
ज्याच्यापायी हे सारं.
ऑरिनला महिन्याला दोन इनहेलर लागतात.
डॉक्टर म्हणाली होती, हवापालट करा.

शनिवारी घर बघायला गेलो.
दारापर्यंत अकरा पायऱ्या.
सातवीवर ऑरिन थांबला,
पर्वत बघतोय असं दाखवत.
सदतीस वर्षांत माणसाची पाठ वाचता येते.
दहा हजार फुटांवर हवा स्वच्छच असते.
खाली असते ती मळलेली,
वरची धुतलेली,
पण धुऊन आटलेली.

मालकीण अल्बिना झुपान, ऐंशीच्या पुढची, कॉफी घेऊन आली.
नवरा खाणीत होता. खाटेशेजारी त्याचं ऑक्सिजनचं यंत्र
अजून चादरीखाली.
"भाड्याचं. परत न्यायला कुणी आलंच नाही.
त्याला वीज किती लागते ते विचारा ना."
मी विचारलं.
तिने आकडा सेंटांसकट सांगितला,
लेकराचं वय सांगावं तसा.

मग म्हणाली, मुलगी खाली बोलावतेय, तुमच्याच शहरात.
"तुमच्या दाराला पायऱ्या किती?"
दोन.
"आणि किल्ली कुणाकडे असते?"

उतरताना घाटात कान मिटले, उघडले.
ऑरिनने कागद गुडघ्यावर घेऊन बेरीज केली,
दोन्ही रकाने जवळजवळ सारखे आले
म्हणून पुन्हा केली.
मी म्हटलं, हातचा राहिला.
"कुठला?"
गाडी मी चालवत होते.
समोर बोगद्याचं तोंड आलं,
मी दिवे लावले.