नऊशे चाळीस

तीनदा चुना मारला आम्ही त्या भिंतींना.
व्हिनेगर शिंपडलं, कोपऱ्याकोपऱ्यात कॉफीची पूड ठेवली,
अख्खा मार्च खिडक्या सताड उघड्या टाकल्या;
बाल्टिकचा वारा आत आला, हुंगून परत गेला.
हिवसाण गेली नाही.
आल्डरच्या लाकडाचा धूर, तेल, खवलं,
आणि रबरी बुटांत दिवसदिवस उभ्या राहिलेल्या बायका,
एवढं सगळं विटांनी पिऊन ठेवलेलं.
विटा काय आपल्यासारख्या विसरभोळ्या नसतात.

शेवटी गुंदार्स म्हणाला, राहू दे.
गुंदार्स आमचा संचालक. कारकूनही तोच,
आणि बर्फ पडला की फावडंही तोच.
मी तिकिटं फाडते. दोन युरो.
डबाबंद माशांच्या बंद कारखान्यात
लोक नाक मुठीत धरून शिरतात,
कुणी अर्ध्यातून परत येऊन पैसे मागतात.
मी देते.

नोव्हेंबरात एक बाई आली, निथळत.
धुराच्या खोलीत पंचवीस मिनिटं उभी.
मला वाटलं घेरी आली, पाणी घेऊन धावले.
ती परीक्षक होती हे वसंतात कळलं,
पत्र आलं तेव्हा:
‘गंधाचा धाडसी आणि अभिनव वापर.’
गुंदार्सनं ते वाक्य तीनदा वाचलं,
चुन्याच्या एकेका थराला एकदा.
मग आम्ही चुन्याची बिलं
खालच्या खणात सरकवली.

समारंभ लुब्लियानाला.
तिघांची तिकिटं आयोजकांकडून, आम्ही दोघंच,
म्हणून स्कायद्रितेला नेलं. खरं सांगते, म्हणूनच.
स्कायद्रिते, वय एक्याऐंशी, टेबल क्रमांक सहा.
डोकं-शेपूट, डोकं-शेपूट, डब्यात बारा मासे,
न बघता, न मोजता, एकशे साठ ग्रॅम.
तिच्या डाव्या तर्जनीचं टोक
झाकणं दाबायच्या यंत्रानं नेलं.
ते यंत्र आहे आमच्याकडे. पाटीवर वर्ष आहे,
ताशी किती डबे, तेही आहे.
टोकाचं काही नाही.

सभागृहात अंधार, मग निळा उजेड.
आमच्याआधी ज्यांना मिळालं
त्यांच्याकडे म्हणे हाडं स्वतःची गोष्ट सांगतात,
तुम्ही विचाराल त्या भाषेत.
स्कायद्रिते कुजबुजली, जिवंतपणी विचारायचं ना.

आमचं नाव चुकीचं उच्चारलं गेलं,
मग दुसऱ्या तऱ्हेनं चुकीचं.
गुंदार्स वर गेला, तिला हाताला धरून.
भाषणाचा कागद कुठल्या खिशात ते आठवेना,
चाचपायला हात मोकळे हवेत
म्हणून पारितोषिक तिच्याकडे दिलं.
काचेचं काहीतरी. लाट असावी. किंवा ज्योत.
तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.
तळहातावर घेतलं, एकदा वर, एकदा खाली,
आणि माइकपाशी वाकून, आमच्याच भाषेत:
नऊशे चाळीस.

दुभाषा बिचारा.
त्यानं पुढे ‘प्रेक्षक, दर आठवड्याला’ जोडलं.
टाळ्या थांबेनात.
एवढे प्रेक्षक आम्हाला वर्षभरात येत नाहीत.

परत आल्यावर, दिवे मालवायच्या आधी,
मी काचपेटीतला जुना तराजू बाहेर काढला.
‘हात लावू नये’ ही पाटी माझ्याच अक्षरातली.
पितळी वजनं ठेवत गेले:
पाचशे. दोनशे. दोनशे. वीस. वीस.
काटा थोडा हेलकावला
आणि मधोमध उभा राहिला.

बघायला ती नव्हतीच. बटाटे काढायचे होते तिला.

नोंदवहीत लिहिलं:
वस्तू, काच. उपयोग, रेघ.
वजन, नऊशे चाळीस ग्रॅम.
कोणी तोललं या रकान्यात तिचं नाव,
उजवा हात.

गुरुवारी ती आली तेव्हा विचारलं,
यंत्राच्या पाटीवर खाली जागा आहे,
बोटाचं लिहू का?
तिनं चष्मा वर केला, पाटी वाचली,
पुन्हा वाचली.
आधी, म्हणाली,
वरच्या ओळीतलं ऱ्हस्व-दीर्घ सुधार.