बारा नंबर

सीझन म्हणजे एकच मॅच.
बाकी सगळं परिपत्रक.

खरात सरांनी नोटीस लावलेली,
वर काच, काचेला कुलूप,
आणि किल्लीवाला शिपाई गावाकडं अडकलेला.
म्हणून मार्च सरून दिवाळी आली तरी
‘निवड चाचणी सकाळी सहा वाजता, बूट आणणे’
तसंच वाचता येत होतं.

हॉस्टेलात पेशंट होते.
पेनल्टी बॉक्सात मंडप, गोलपोस्टला
कुणाकुणाच्या चादरी वाळत घातलेल्या.
आम्ही तारेबाहेरून बघायचो.
विश्वंभर म्हणायचा, बघ, क्लीन शीट.
कुणी हसत नव्हतं तरी रोज म्हणायचा.

प्रॅक्टिस मोबाईलवर.
सर म्हणायचे, भिंतीवर बॉल मारा, शंभर वेळा.
मुदस्सिरच्या घराला स्वतःची भिंतच नव्हती,
तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या.
तो चुलत्यासोबत एमआयडीसीत जायला लागला,
जिथं एरवी सळया कापायला ऑक्सिजन लागतो
तिथून तो दवाखान्यांकडं निघालेला.
आडव्या सिलिंडरला पायानं ढकलत नेतानाचा
व्हिडिओ टाकला त्यानं ग्रुपवर:
इनसाईड, आउटसाईड, इनसाईड.
सरांनी अंगठा पाठवला.

संघपालनं बूट विकले.
कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

जानेवारीत परवानगी आली.
प्रेक्षक नाहीत. हस्तांदोलन नाही.
मैदानात थुंकायचं नाही.
हे वाचताना सर स्वतःच थांबले,
आमच्याकडं बघून म्हणाले, बघा बाबांनो, जमतंय का.

सेलूचं कॉलेज क्रूझरमधून आलं. नऊजण.
बाकीच्यांचे रिपोर्ट आलेले, त्यात त्यांचा गोलकीपर.
मॅच रद्द म्हणजे सीझनच रद्द.
रेफरी घड्याळ बघायला लागला.
तेव्हा मुदस्सिरनं माझ्याकडं बघितलं.
तीन वर्षं मी बेंचवर, बारा नंबर,
पाण्याच्या बाटल्या, हवेचा पंप,
हाफटाईमला चिरलेल्या मोसंब्या.
‘जा की,’ म्हणाला, ‘तिकडून खेळ.’
तेरा नंबरचा शिवशंकर माझ्या मागं आला.

जर्सी ढगळ, निळी, सॅनिटायझरचा वास.
बेंचवरून सगळे एकाच अंगाचे दिसतात.
पहिल्यांदा आपली पोरं समोरून बघितली.
विश्वंभर पळताना जीभ बाहेर काढतो,
हे मला माहीतच नव्हतं.

एक टाळी नाही.
बॉलचा एवढा मोठा आवाज असतो?
तारेपलीकडं कुणीतरी खोकलं
आणि बावीसच्या बावीस थांबले.
बॉल आपला आपण घरंगळत गेला.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पेनल्टी, आम्हाला.
म्हणजे त्यांना. म्हणजे आम्हाला.
मुदस्सिर कीपरच्या डावीकडं मारतो.
सेलूला कुठून माहीत असणार?
मला होतं. त्याचे त्या बाजूनं गेलेले बॉल
बाभळीत शिरून मीच तर काढायचो.
उजवीकडं पडावं, असं वाटलं. खरंच वाटलं.
मग डावीकडं पडलो.

बॉल छातीशी, तोंडात माती.
उठलो तर कुणी ओरडलं नाही.
सेलूच्यांना माझं नाव माहीत नव्हतं,
आपले बोलायला तयार नव्हते.
मुदस्सिर एकटा आला, नियम विसरून हात दिला.
‘साल्या, आधी का नाही सांगितलंस?’

शून्य-शून्य.
रजिस्टरात सेलूच्या बाजूला माझं नाव,
पुढं कंसात, सरांच्या अक्षरात: उसना.

एप्रिलमध्ये सर गेले.
त्या रात्री दोन वाजता त्यांच्या वॉर्डाखाली
मुदस्सिरच सिलिंडर उतरवत होता.
वरती कोण आहे, हे त्याला सकाळी कळलं.
त्यानंतर तो ट्रॉलीच वापरतो.

काचेचं कुलूप पुढच्या जूनमध्ये तोडलं.
शिपाई कागद फाडणार, एवढ्यात
संघपालनं मोठ्यानं वाचलं, सकाळी सहा वाजता,
आणि पुढचे दोन शब्द गिळून
स्वतःच्या चपलेकडं बघितलं.