पत्रा आणि प्लायच्या मधे

दिवाळीपासून मी सांगत होते, वर उंदीर आहेत.
रात्री दीडच्या सुमाराला सुरू व्हायचं,
आधी कुरकुर, मग काहीतरी ओढत नेल्यासारखं,
मग कुणी मुठीतले तांदूळ
प्लायवर सोडावेत तसं.
हे म्हणायचे, भास होतात तुला.

ह्यांना ऐकू येत नाही.
कांजूरच्या कंपनीत सव्वीस वर्षं
वाफेच्या पाइपांना कपडे घातले ह्यांनी.
हा ह्यांचाच शब्द, कपडे.
आधी ग्लासवूल, वरून जाळी, वरून पत्रा,
आणि शेजारी बॉयलर, दिवसभर.
कंपनी बंद झाली तेव्हा हिशेबाच्या पैशांआधी
ग्लासवूलचे दोन गठ्ठे घरी आले,
रिक्षावाला चढाला नको म्हणाला म्हणून खांद्यावरून,
टेंभीपाड्याच्या एकशे बारा पायऱ्या.
छताला आतून लावताना अंगभर खाज.
तीन दिवस खोबरेल चोळून झोपले,
चौथ्या दिवशी भर दुपारी पंख्याखाली म्हणाले,
बघ, आता घराला ऊन लागत नाही.

त्याला तेरा उन्हाळे झाले.

ह्या वर्षी मात्र हेच म्हणायला लागले,
इथून ऊन येतंय.
कपाळावर बोट ठेवून दाखवायचे.
बाकी कुठे नाही, इथंच.
मी म्हटलं, चैत्र आहे, ऊन येणारच.

मुनाफ रविवारी आला,
तोंडाला गमछा, हातांना पिशव्या बांधून.
पहिली फळी उतरली आणि असा वास सुटला
की रेवाळे वहिनींनी दार लावून घेतलं.
मी पाहिलं तेव्हा ते हळदीसारखं पिवळं होतं.
आता ओल्या तंबाखूच्या रंगाचं,
लेंड्यांनी भरलेलं, मुतानं गच्च,
आणि मधेमधे वाटीएवढी घरटी.
नीट विणलेली होती, खोटं कशाला बोलू.
माझ्या माकडटोपीची लोकर,
एलआयसीची पावती, तारीख शाबूत,
सुक्या बोंबलाची शेपटी,
आणि एक रबराचं बूच,
कुरतडलेलं, करंगळीच्या नखाएवढं.

ते मी लगेच ओळखलं.
ह्यांच्या कानाच्या मशीनचं.
पौषात हरवलं तेव्हा मी काय काय बोलले होते,
बाहेर वहिनींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं,
आणि ह्यांना ऐकू जाईल इतक्याही.
तेव्हापासून मशीन डबीत ते डबीतच.

काकी, इकडं बघा, मुनाफ म्हणाला,
इथं तर काहीच नाय ठेवलंय.
मी स्टुलावर चढले.
जेवायच्या ताटाएवढी जागा, वर नुसता पत्रा.
हात नेला तर तव्याजवळ नेल्यासारखा.
खाली पाहिलं.
बरोब्बर खाली ह्यांची उशी.

काही न बोलता उतरले.

नवीन आणलंय ते चांदीसारखं, बुडबुड्यांचं, गुंडाळीतलं.
ह्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं,
लुगड्याचा पोत बघतात तसं, म्हणाले, पातळ आहे.
मग स्वतःच शिडी धरून उभे राहिले.
सांध्यावर चार बोटं चढव, पोरा.
पाइप असो की घर, सगळं सांध्यातूनच जातं.
भोकांत काचेचा चुरा घालून सिमेंट भरलं.
सहा गोणी पायऱ्या उतरून गेल्या,
मुनाफच्या खांद्यावरून.

रात्री दीडला मला सवयीनं जाग आली.
वर काही नाही. पंखा तेवढा.
अंधारात ह्यांना ओठ दिसत नाहीत,
म्हणून रात्री आम्ही बोलत नाही.
तरी हे म्हणाले, गेले का?

मी ह्यांच्या कपाळावर हात ठेवला, तिथंच,
आणि बराच वेळ काढला नाही.

बूच पदराच्या गाठीत आहे.
उद्या स्टेशनाजवळच्या दुकानात दाखवून
तसलंच मागायचं.