उतरून चालावे

मी आरटीओत, खिडकी नंबर सहा.
एकवीस वर्षं गाड्यांना नंबर देते.
परवा एका दिवसात दोनशे अकरा.
लोक पेढे आणतात, हार आणतात,
आणि संध्याकाळी संगमपुलावर
त्याच गाड्या मला भेटतात
एकमेकींच्या अंगावर भुंकत.

सायकलला नंबर नसतो.

शनिवारी पहाटे हडपसरला गाडीतळावरून,
भाजीमंडईच्या मागून,
एका गोठ्याच्या भिंतीला हँडल घासत
कालव्यावर चढले, आणि आवाज
कुणी दार लोटून घ्यावं तसा
मागे राहिला.

बापू पाटकरी होते. खात्याची काळी सायकल,
पुढे कंदील, मागे पाना आणि किल्ल्या.
कुणाच्या शेतात किती तास पाणी
हे ते ठरवत नसत;
फक्त दार उचलत आणि शिव्या खात.
त्यांची डायरी माझ्या पिशवीत आहे,
निळी शाई, कुठे कुठे घामाने फुटलेली:
‘मैल बावीस. मोरी. पाणी प्यावे.’
‘मैल सव्वीस. कुत्री. डबा झाकून.’
‘मैल एकतीस. दिवेकर मास्तरांकडे चहा,
साखर कमी सांगणे.’
मास्तर नाहीत. चहा मिळाला, नातसुनेच्या हातचा.
साखर कमी सांगायची मी विसरले.

आवर्तन चालू होतं.
पाणी माझ्याच बरोबरीने चाललं होतं,
त्याला धाप लागत नव्हती एवढाच फरक.
एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पळस,
पान एक नाही अंगावर आणि सगळा पेटलेला.
दर तारेवर एक खंड्या,
खात्याने नेमल्यासारखा.
हॉर्न नाही.
चुकल्याचुकल्यासारखं होऊन
मीच एकदा घंटी वाजवली.
एक म्हैस बाजूला झाली, सावकाश, नियमाने.

यवतच्या पुढे मुक्काम, कालव्यावरच्या बंगलीत.
चौकीदार इस्माईल शिकलगार
सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाला,
‘बाई, गाडी कुठं बंद पडली?’
‘गाडी नाहीच.’
त्याने काही न बोलता मच्छरदाणी आणून दिली.

रविवारी मैल एकेचाळीस.
डायरीत दोनच शब्द: ‘उतरून चालावे.’
का, ते नाही.
मुरूम घट्ट, वाट सपाट, वारा पाठीला.
मला बापूंचे गुडघे आठवले,
त्यांचा कधीच न लागणारा ब्रेक आठवला,
आणि मी पॅडल मारत राहिले
त्यांची लेक असून,
किंवा त्यांची लेक म्हणूनच.

मग ती आली अंगावर.
टिटवी. डोक्यावरून एकदा, परत एकदा,
मग चाकापुढे पंख मोडल्याचं सोंग घेऊन
फरफटत, ओरडत.
खिडकी नंबर सहावर इतकं मला
अजून कुणी बोललेलं नाही.
उतरले.
वीतभर पुढे, चाकोरीच्या मधोमध,
खड्यांत खडे म्हणून खपून गेलेली
चार अंडी.

ही काही तेव्हाची टिटवी नव्हे.
तेव्हाही इथे कुणी होती,
की त्या साली नुसता चिखल होता,
मला सांगता येणार नाही.
बापू कारण लिहिणाऱ्यांतले नव्हते,
रजेच्या अर्जातसुद्धा.
सायकल खांद्यावर घेतली, गवतातून वळसा घातला.
ती बरंच अंतर मागोमाग शिव्या देत आली.

दुपारी कालवा सोडला,
शेतवाटांनी भिगवणकडच्या पाण्याला लागले.
समुद्र नव्हे, पण पलीकडचा काठ
उन्हाने पुसून टाकलेला.
उथळात रोहित उभे, माना पाण्यात,
इतके की गुलाबी रंगाचं नवल वाटेना.
होडीवाला म्हणाला, ‘दोनशे द्या,
पार त्यांच्यात नेऊन सोडतो.’
‘नको,’ म्हटलं, ‘इथून बरं.’

येताना एस.टी.च्या टपावर सायकल,
आणि सोमवारी खिडकी.
पहिलीच गाडी पांढरी, मालकाच्या हातात पेढे.
नंबर दिला. पेढा घेतला.
मधल्या सुट्टीत डायरी काढून
त्यांच्या दोन शब्दांखाली लिहिलं,
ऑफिसच्या पेनाने:
‘टिटवी. फाल्गुन. चार.’