आधी नाव

ट्रेमध्ये अजून आहे ते फळ.
नारिंगी, लिंबाएवढं, गुळगुळीत,
सालीवर दातांची अर्धगोल खूण.
पान नाही, काटा नाही, डहाळी नाही.
नेत्रावळीच्या आरोग्य केंद्रात, दुपारी अडीच वाजता,
एकटं आलेलं फळ
काहीच सांगत नाही.

दिलेश म्हणाला,
धनेशानं खाल्लं, मी स्वतः बघितलं.
नऊ वर्षांच्या मुलाचा हा पुरावा.
आणि खोटाही नाही:
धनेश गर खातो, बी टाकून देतो,
त्याच्या पोटाचा कायदा त्याच्यापुरता.
एकच चावा, दिलेश म्हणाला, कडू लागला, थुंकला.
कडू वेळेवर आलं यावेळी.
नेहमी येतंच असं नाही.

गाडी मडगावच्या वाटेला लागली
तेव्हा सुकांती वेळीप दारात आली,
डोक्यावर करवंदांची पाटी, पायाला माती.
फळाकडे बघितलं. हात लावला नाही.
"काजरो," म्हणाली.
मी फोनवर तेवढाच शब्द
मडगावला पुढे पाठवला.
तीन अक्षरं, गाडीच्या आधी पोचली.

मग ती पायरीवर बसली
आणि मी, नर्सिंगची चार वर्षं शिकलेली, खाली.
करवंद कसं ओळखायचं? मी विचारलं.
चीक बघायचा?
"चीक बिट्टीलाही असतो गे."
मग काळा रंग?
ती हसली. काळं काय कमी आहे रानात?
काटा बघ, जोडीनं येतो.
पान बघ, समोरासमोर.
फूल आठव, चैत्रात वास कुठून येत होता ते.
आणि एवढं सगळं जुळलं तरी
ज्याला ठाऊक आहे त्याला दाखव,
झुडपाजवळ नेऊन,
हातातलं नव्हे.

आणि कुणालाच ठाऊक नसेल तर?
"तर ते आपलं नव्हे.
रानात सगळं आपल्यासाठी पिकत नाही."
आधी नाव तोंडात, मग फळ, म्हणाली,
आणि पाटी उचलून बाजाराला गेली.
मोजून दहा करवंदं टेबलावर ठेवून.
मी ती खाल्ली. नाव घेऊन. एकेक.

चौथ्या दिवशी दिलेश आला,
गालफडं बसलेली, डोळे तेच.
मी त्याच्या तळहातावर एक पांढरी गोळी ठेवली.
त्यानं ती उलटीसुलटी केली,
उजेडात धरली, हुंगली.
"हिचं नाव काय?" म्हणाला.