लाल पट्टा

नाशिकरोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं
नोटांच्या कडा तपासल्या.
थरावर थर दिसले
की अंगठा अजून आपोआप हलतो.

हट्टी गावातून धोडप दिसला
आणि मी मोजायलाच लागलो:
कडा, झाडोरा, कडा, झाडोरा, कडा,
सगळ्यात वर उभी भिंत, मध्येच खाच,
दुधाचा दात पडलेल्या पोरासारखी.

हौशा बागुल पुढे, पायात प्लास्टिकच्या चपला.
माझे बूट सहा हजारांचे,
घसरत होतो मीच.

वाचून आलो होतो सगळं.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन उसवली,
लाव्हा पसरला तव्यावरच्या धिरड्यासारखा,
एक निवलं की त्यावर दुसरं.
काही रस वर न येता भेगेतच थिजला.
आजूबाजूचं झिजून गेलं,
भेग तेवढी उरली, भिंत होऊन.
"म्हणजे आपण एका भेगेवर चढतोय," मी म्हणालो.
"पाणी पिऊन घ्या," हौशा म्हणाला.

शिडीच्या अलीकडे, कड्याच्या पोटात
हातभर रुंद लाल पट्टा.
तिथं टेकलो. गुडघे कुरकुरत होते.
दोन लाव्ह्यांमधली सुट्टी ती.
खडक कुजून माती झाली,
पाऊस पडला असेल, उगवलंही असेल काही,
नाव ठेवायला कुणी नसताना.
मग पुढचा थर आला
आणि माती विटेसारखी भाजली.
सुट्टी किती वर्षांची?
नोटेवर नंबर असतो. इथं नाही.

हौशानं काठीनं खालची सुटलेली माती ओढली,
उपरण्याच्या टोकाला बांधली.
"आईला. चुलीला हिचंच पोतेरं लागतं.
दुसरी तडकते.
ही पहिलीच भाजलेली."

मी पुस्तकातलं पुढे काही बोललो नाही.

खाचेत वारा उभं राहू देईना.
समोर मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या,
त्यांच्या अंगावरही तशाच आडव्या रेघा,
साधारण त्याच उंचीच्या.
मधला डोंगर गेला कुठं?
हौशानं हनुवटीनं खाली दाखवलं:
काळी शेतं, कांद्याचे वाफे,
मोटारीचा फट फट आवाज.

उतरल्यावर त्याच्या घरी बिनदुधाचा चहा.
चूल ओलसर लाल, नुकतीच सारवलेली.
मी न विचारता हात लावला.
म्हातारी म्हणाली, "लागंल हाताला."
लागलं.

वडाळीभोईच्या फाट्यावर बस येईपर्यंत
अंगठा तसाच धरून उभा होतो,
सही करता न येणाऱ्या माणसासारखा.